सारण कोरडं, पापुद्रे ओले: श्टुटगार्टमधल्या घरी केलेलं बोरेक

जर्मनीत नवीन आलेल्या मराठी घरात पहिल्या थंडीत पॅटीस होतातच. कारण सोपं आहे, कुठल्याही सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये ब्लेटरटाइग म्हणजे तयार पफ पेस्ट्रीचा २७५ ग्रॅमचा रोल मिळतो, बेकिंग पेपरसकट गुंडाळलेला, तो उलगडायचा, चौकोन कापायचे, बटाट्याची भाजी भरायची आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. पुण्याच्या बेकरीतल्या पॅटीसची हौस भागते. आमच्याकडेही होतात आणि आवडीने खाल्ले जातात. पण श्टुटगार्टमध्ये राहायचं, आजूबाजूला एवढी तुर्की घरं, आणि बोरेक फक्त बेकरीतून विकत आणायचं हे मला पटत नाही. घरचं बोरेक ही वेगळीच गोष्ट आहे, आणि शाकाहारी माणसाला तर या देशात याच्याइतका भरवशाचा पदार्थ क्वचितच सापडेल.

बोरेक म्हणजे पातळ पाऱ्यांच्या थरांत भाजी नाहीतर चीज नाहीतर दोन्ही भरून भाजलेला पदार्थ. खिमा भरलेलंही असतं, त्यामुळे बेकरीत घेताना विचारूनच घ्यायचं. पालकाचं, चीजचं, बटाट्याचं हे तीन प्रकार जवळजवळ सगळीकडे असतात. कोणी ट्रेमध्ये थर लावतं, कोणी लांब गुंडाळी करून गोल वेटोळं घालतं, आणि सिगारेटसारख्या बारीक सुरळ्या करून तळल्या की ते सिगारा बोरेक, लहान मुलांचं लाडकं.

हा पदार्थ इथे एवढा घरचा कसा झाला त्याचीही गोष्ट आहे. ३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तानात कामगार आणायचा करार झाला. इस्तंबूलहून रेल्वेने माणसं म्युनिकला उतरायची, स्टेशनच्या ११ नंबर प्लॅटफॉर्मवर, आणि तिथून त्यांची वेगवेगळ्या शहरांतल्या कारखान्यांत रवानगी व्हायची. श्टुटगार्टच्या भागात बॉश, डाइमलर असल्यामुळे इकडे पुष्कळ जण आले. १९७३ मध्ये भरती थांबली, पण आलेली बरीच माणसं राहिली, बायकामुलं आली, दुकानं निघाली. आज श्टुटगार्टच्याच फॉयरबाख भागात बॉशच्या कारखान्याच्या आसपास फिरलं की तुर्की किराणा दुकानं, बेकऱ्या, सगळं हाताशी. आपल्या पुण्याहून याच कंपन्यांत येणारी मंडळी नेमकी याच भागात घर शोधतात, त्यामुळे आपलं वाणसामानही आपोआप याच दुकानांतून येतं. कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, चणे, रवा, आणि त्याच फेरीत युफ्का.

युफ्का म्हणजे मैदा, पाणी आणि मीठ एवढ्यावर लाटलेली मोठी पातळ पारी, तव्यावर नुसती शेकून घेतलेली. फ्रीजच्या कप्प्यात घडी घातलेल्या पाकिटात मिळते, एकेक पारी उलगडली तर स्वयंपाकघरातलं छोटं टेबल झाकून जाईल एवढी. फिलो नावाची दुसरी तयार पारीही मिळते, पण फिलो आणि युफ्का एक नाहीत, फिलो फार पातळ आणि चुरचुरीत, युफ्का जरा जाड आणि लवचिक. बोरेक मऊसूत हवं असेल तर युफ्काच घ्यावी.

आता मूळ मुद्दा. मी हे शिकले आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका तुर्की आजींकडून, त्यांना सगळे तेझे म्हणतात म्हणजे मावशी, म्हणून आम्हीपण तेच म्हणतो. त्यांचं जर्मन आणि माझं जर्मन दोन्ही कामापुरतं, पण स्वयंपाकाच्या ओट्यापाशी भाषा लागते कुठे. त्यांच्याकडे बघून एक गोष्ट पक्की कळली की बोरेकात सगळी करामत पाण्याची आहे. सारण होईल तेवढं कोरडं हवं आणि पाऱ्या होतील तेवढ्या ओल्या. आपण पॅटीस किंवा करंजी करणारे लोक बरोबर उलटं शिकलेले असतो, की पारीला पाणी लागता कामा नये.

पहिले सारण. पालकात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि वरून आपण त्यात खारं चीज घालतो, मीठ लागलं की उरलेलं पाणीही बाहेर येतं, ओव्हनमध्ये ते तळाला उतरतं आणि खालच्या पाऱ्यांचा लगदा होतो. म्हणून तेझे पालक चिरून मीठ लावून ठेवतात, मग मूठ मूठ घेऊन जुन्या सुती फडक्यात गच्च पिळतात. फडक्याची पिळी घालत न्यायची, हिरवं पाणी धारेने पडतं, मग थेंब थेंब, आणि आपल्याला वाटतं झालं, तेव्हा त्या पिळी सोडतात, पालक परत मोकळा करतात आणि परत पिळतात. दुसऱ्या वेळेलाही चांगलं पाणी निघतं! शेवटी मोठी पाटी भरून आलेल्या पालकाचा एक लहानसा गोळा उरतो. (ते हिरवं पाणी मी कणकेत घालते, फक्त खारट असतं म्हणून वेगळं मीठ घालायचं नाही.) फ्रोझन पालक घेत असाल तर ब्लाटश्पिनाट घ्या, म्हणजे नुसती पानं. राहमश्पिनाट घेऊ नका, त्यात क्रीम असतं, ते कितीही पिळलं तरी उपयोग नाही.

बटाट्याचं करायचं असेल तर इथे एक फार छान सोय आहे, बटाट्याच्या पिशवीवर तो शिजल्यावर कसा होईल ते लिहिलेलं असतं. फेस्टकोखेंड म्हणजे शिजून अख्खा राहणारा, सॅलडचा. मेलिश कोखेंड म्हणजे पिठूळ, फुटणारा. पहिल्याचं लेबल बहुतेक हिरवं असतं, दुसऱ्याचं निळं. सारणाला निळा घ्यायचा, तो वाफ गेल्यावर कोरडा पडतो आणि कांद्याबरोबर परतला की मस्त मिळून येतो. हिरवा घेतला तर सारण चिकट होतं.

चीजबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण भारतातून आलेल्या प्रत्येकाचा इथे गोंधळ होतो. फेटा हे नाव युरोपमध्ये २००२ पासून राखीव आहे, ग्रीसमध्ये मेंढीच्या दुधाचं केलेलं, फार तर ३० टक्के शेळीचं दूध मिसळलेलं, त्यालाच फेटा म्हणता येतं. शेजारीच तसंच दिसणारं स्वस्त पांढरं चीज असतं, गाईच्या दुधाचं, त्यावर हिर्टनकेझे असं काहीतरी लिहिलेलं असतं. बोरेकाला तेही चालतं, आणि तुर्की दुकानातलं बेयाझ पेयनिर तर सगळ्यात उत्तम. गाझी नावाचा ब्रँड तर इथल्या श्टुटगार्टच्याच कंपनीचा, इथल्या एका फुटबॉल स्टेडियमलाही त्याचं नाव आहे. शाकाहारी असाल तर पाकिटावर मिक्रोबिएलेस लाब हे शब्द शोधा, म्हणजे दूध फाडायला प्राण्याच्या पोटातलं रेनेट न वापरता बुरशी किंवा तत्सम सूक्ष्मजीवांपासूनचं वापरलंय. नुसतं लाब लिहिलं असेल तर खात्री नाही. मी हे प्रत्येक वेळी वाचते आणि घरी आलेल्या पाहुण्यांनाही आधी सांगते, त्यांना निर्धास्त खाता आलं पाहिजे.

मसाल्याच्या बाबतीत माझं मत ठाम आहे, हात आवरायचा. चीज खारट आंबट आहे, पालकाला स्वतःची चव आहे, तिथे गोडा मसाला, गरम मसाला काही नको. कांदा तेलावर मऊ करायचा, मिरपूड, थोडी लाल मिरचीची भरड आणि शेपू. हो, शेपू. घरी शेपूची भाजी म्हटलं की ताटावरून उठणारी माणसंसुद्धा पालक, चीज आणि शेपू हे एकत्र आलं की मागून घेतात, हे मी आमच्याच घरी बघितलंय. एप्रिलच्या आसपास बेअरलाउख म्हणजे रानलसणाची पानं बाजारात येतात, तीही पालकात थोडी घालते, लसणाचा मंद वास येतो. इथले लोक ती जंगलात जाऊन खुडतात पण तशीच दिसणारी दोन विषारी झाडं असतात, त्यामुळे आपण नवख्यांनी बाजारातूनच आणावी.

आता पाऱ्या ओल्या करायचं मिश्रण. २०० मिली दूध, १०० मिली तेल, दोनतीन मोठे चमचे दही, दोन अंडी आणि १०० मिली सोडावॉटर, इथल्या भाषेत श्प्रुडेल. अंडी नको असतील तर दही दुप्पट करायचं आणि सोडा जरा जास्त, वरचा रंग थोडा फिका येतो एवढाच फरक. युफ्का आधीच शेकून कोरडी झालेली असते, तिला ओव्हनमध्ये परत मऊ व्हायला पाणी लागतं, आणि दोन पाऱ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तेल लागतं. तेलात कंजूषी केली तर थर सुटत नाहीत, एकसंध वडी होते.

ट्रेला तेल लावून पहिली अख्खी पारी अशी अंथरायची की कडा बाहेर लोंबतील. तिच्यावर मिश्रण. पुढच्या दोन पाऱ्या चक्क फाडून, हाताने चुरगाळून पसरायच्या. मला हे बघून फार आश्चर्य वाटलं होतं, आपल्याला सगळं गुळगुळीत लाटायची सवय, पण चुरगाळल्यामुळे मधे हवा राहते आणि बोरेक हलकं होतं. त्यावर परत मिश्रण, मग सगळं सारण, मग परत चुरगाळलेल्या पाऱ्या, मिश्रण, आणि शेवटी लोंबणाऱ्या कडा आत घेऊन वरून झाकण. उरलेलं मिश्रण वर ओतायचं, सुरीने चौकोन पाडायचे, तीळ आणि कलौंजी भुरभुरायची. आणि लगेच भाजायचं नाही. निदान अर्धा तास मुरू द्यायचं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर अजून छान. मग पंखा चालू असेल तर १८० डिग्री, नसेल तर २००, ३५ ते ४० मिनिटं, रंग बघून. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं वरून स्वच्छ फडकं टाकून ठेवायचं, वरचा पापुद्रा कडक झालेला असतो तो नरम येतो.

गणपतीत सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा असतो, भाड्याच्या हॉलमध्ये गॅस पेटवायला परवानगी नसते, बटाटेवडे घरून नेईपर्यंत गार होऊन जड पडतात. बोरेक गार झालं तरी तितकंच चांगलं लागतं, कापलेलं असतं, हाताने उचलून खाता येतं, मुलांच्या किंडरगार्टनच्या समर फेस्टलाही हाच ट्रे जातो. जर्मन, तुर्की, आपले, सगळे खातात. सोबत आयरान, म्हणजे खारं ताक, असेल तर दुसरं काही लागत नाही.

भारतात करून बघणाऱ्यांसाठी: युफ्का मिळाली नाही तर मैद्यात मीठ आणि पाणी घालून पोळीपेक्षा थोडं घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, जमेल तेवढं पातळ लाटा आणि गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसतं दाखवल्यासारखं करा, डाग पडायच्या आत काढा आणि ओल्या फडक्यात एकावर एक ठेवा. चीजच्या जागी नुसतं पनीर घेऊ नका, पनीरला आंबटपणाही नाही आणि खारटपणाही नाही. दोन भाग पनीर किसून, एक भाग आंबटसर दह्याचा चक्का आणि नेहमीपेक्षा जास्त मीठ, असं मिसळून तासभर चाळणीत निथळत ठेवलं की बऱ्यापैकी जवळ जातं. ओटीजीमध्ये वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवा, ट्रे मधल्या खाचेच्या एक खाच खाली, आणि वरून लवकर लाल होत असेल तर शेवटची दहा मिनिटं फॉइल झाका, तळ भाजला गेलाय की नाही ते एका कोपऱ्यातला तुकडा उचलून बघूनच बंद करा.