आईची फाईल

गेल्या महिन्यात आईने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण आजीचं असंच सुरू झालेलं, शेवटी शेवटी ती लालबागच्या स्वतःच्या घरात बसून मला लालबागला सोडा म्हणायची.

त्या रात्री मी एपीओई जीनबद्दल वाचत बसले. त्याचे ई२, ई३, ई४ असे तीन प्रकार असतात, १९९३ला कळलं की ई४ असला तर म्हातारपणी अल्झायमरचा धोका वाढतो, आईवडिलांपैकी एकाकडून आला तर साधारण तिप्पट, दोघांकडून आला तर ८ ते १२ पट, अर्थात हे आकडे जास्त करून गोऱ्या लोकांच्या अभ्यासातले. आणि ई४ असूनही शेवटपर्यंत सगळं लख्ख आठवणारी माणसं असतातच. डीएनएची रचना शोधणाऱ्या जेम्स वॉटसनचा २००७ मध्ये अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला, त्याच्या आजीलाही अल्झायमर होता, तर तो म्हणाला बाकी सगळं सांगा, हा एक जीन सांगू नका.

मी तरी टेस्ट बुक करणार होते, पण दादा म्हणाला आधी आईची फाईल काढ. साड्यांखाली ठेवलेली ती प्लास्टिकची फाईल. एचबीएवनसी ८.१, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली, बीपी १५०च्या वर, बी१२ अगदी तळाला. बी१२ कमी असलं तरी विसरायला होतं आणि ते भरून काढता येतं, शुगर-बीपीने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, हे सगळं दोन वर्षं आमच्याच कपाटात पडून होतं!! लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय जर्नलच्या २०२४च्या अहवालात असे १४ धोके दिलेत, ते सगळे आवरले तर डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांच्या, जवळपास ४५ टक्के केसेस टळू शकतात किंवा लांबू शकतात, आणि त्यात ऐकू कमी येणं पण आहे. ते वाचून मला रडूच आलं. टीव्हीचा आवाज किती मोठा गं, सांगितलेलं लक्षात कसं राहत नाही तुझ्या, असं मी तिला किती वेळा बोललेय, तिला बिचारीला नीट ऐकूच आलं नसेल.

जीनची टेस्ट राहू दे. बी१२ची इंजेक्शनं सुरू केलीत, शुगरची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, शनिवारी कान तपासायचेत. काल दवाखान्यातून येताना दादरला फुलवाल्याने दहा रुपये कमी परत दिले, तर आईने तिथेच उभं राहून हिशोब करून घेतले.