मालवणी शब्दांची बिऱ्हाडबदली

कुडाळच्या स्टँडवर कुणी "मेल्या, खय आसस?" असं ओरडलं, तर आपण हसतच वळून बघतो. हेच वाक्य आणि अशाच पंधरा-वीस प्रेमळ शिव्या २०२३ च्या जूनमध्ये मी एका मोठ्या समाजमाध्यमावरच्या माझ्या पानावर लिहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पान बंद. कारण एकाच ओळीत दिलेलं: द्वेषपूर्ण भाषा.

सहा वर्षं मी तिथे मालवणी शब्द लिहीत होतो. राहायला डोंबिवली, नोकरी हिशेबाची, गाव फक्त गणपतीत आणि मे महिन्यात. लोकलमध्ये उभ्या उभ्या एक शब्द टाइप करायचा: मांगर, गडगो, व्हाळ, कुणगो, तरवो. ४१२ शब्द झाले होते आणि एकाचीही प्रत माझ्याकडे नव्हती. ऑफिसात लोकांच्या पावत्या आठ-आठ वर्षं जपून ठेवणारा माणूस मी!

पहिले चार दिवस 'फेरविचार करा' हे बटण दाबण्यात गेले. उत्तर दर वेळी तेच, शब्दही तेच. मग ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं, की २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो आणि त्याचं नाव-पत्ता जाहीर करावं लागतं. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल तेव्हाच्या नियमाप्रमाणे १५ दिवसांत. निकाल पटला नाही तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. त्या समित्यांचं काम त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालं होतं. मी इंग्रजीत दीड पानाचं पत्र लिहिलं. 'मेल्या' म्हणजे शब्दशः मेलेला, पण आई मुलाला जेवायला बोलावतानाही हाच शब्द वापरते, हे परक्या माणसाला पटवताना घाम फुटला. पोच दुसऱ्या दिवशी आली. तेराव्या दिवशी पान उघडलं. तेराव्याला, म्हणजे मुहूर्तही बघा. शिव्यांची नोंद तेवढी गायब होती, स्पष्टीकरण काही नाही.

त्याच रात्री 'तुमची माहिती उतरवून घ्या' ही सोय शोधली. सेटिंगांच्या चार थरांखाली होती. मागणी नोंदवली, दोन दिवसांनी दुवा आला, झिप उतरवली. फोटो होते. मजकुराची फाइल उघडली, तर एकही मराठी अक्षर नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यापुढे चलनाच्या खुणेसारखं काहीतरी, परत तोच ए. पानंच्या पानं. तारखांच्या जागी दहा-दहा आकडी संख्या. सहा वर्षांची रद्दी झाली असं वाटून मी लॅपटॉप मिटला.

भाचीने रविवारी येऊन बघितलं. "मामा, हे बिघडलेलं नाहीये," म्हणाली. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे 'मी' या शब्दाला सहा. फाइल बनवणाऱ्याने त्यातला एकेक बाइट हे वेगळं युरोपी अक्षर समजून लिहिलं होतं. आपली सगळी चिन्हं एकाच बाइटने सुरू होतात, म्हणून तो ए सारखा सारखा दिसत होता. तिने पायथन या संगणकीय भाषेतल्या दोन ओळींत ते उलटं फिरवलं. दहा आकडी संख्या म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, त्यांच्याही तारखा झाल्या. पडद्यावर 'इरलं' दिसलं तेव्हा मी उठून चहा टाकला.

चहा पिताना खरी गोम लक्षात आली. इरलं म्हणजे पावसात डोक्यावरून घ्यायचं कामट्या-पानांचं आच्छादन. त्यावर मी फक्त चार ओळी लिहिल्या होत्या. खाली ६३ जणांनी भांडण मांडलं होतं: कामट्यांवर पळसाची पानं घालायची की दुसरी कुठली, बायकांचं इरलं वेगळं असायचं का, घोंगडीची खोळ बरी की इरलं. वेंगुर्ल्याचं एक, देवगडचं दुसरंच. शब्दसंग्रह तिथे होता, माझ्या चार ओळींत नव्हता. उतरवलेल्या फाइलीत मात्र फक्त माझं बोलणं. "हो का?", "बरोबर काका", "आमच्याकडे मेर म्हणतात". फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसल्यावर जसं एकाच बाजूचं ऐकू येतं, तसं.

यात कंपनीची चूकही काढता येईना. दुसऱ्याने लिहिलेलं त्याचं, ते माझ्या झोळीत का टाकावं? मग स्वतःची साइट काढायची ठरवली आणि एकेकाला निरोप पाठवत बसलो: तुमचं लिहिणं माझ्या साइटवर तुमच्या नावानिशी घेऊ का? १४० जणांना विचारलं, ८८ जणांनी होकार दिला. दोघांनी नाव नको म्हटलं. एका आजींनी सात मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं, त्यात तीन नवे शब्द निघाले. तरव्यावर, म्हणजे भाताच्या रोपांवर, सगळ्यांत बारकाईने लिहिणारे एक निवृत्त गुरुजी वारले होते. त्यांच्या मुलाला वडील असं काही लिहायचे हेच माहीत नव्हतं. त्याने सगळं मागून घेतलं आणि आठवड्याने परवानगी दिली.

साइटचं काम त्यामानाने किरकोळ. हौसेने '.भारत' मधलं देवनागरी नाव घेणार होतो, पण ते कुठे कुठे चिकटवलं की त्याचं अगम्य रोमन रूप दिसायचं. शेवटी साधं 'डॉट इन' घेतलं. साइट बनवायचं वर्डप्रेस फुकट, जागेचं भाडं वर्षाला एका पापलेटच्या जेवणावळीइतकं. महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत पेन ड्राइव्हवर.

वाचक मात्र तिकडेच राहिले. तिकडे एका शब्दावर हजारभर माणसं यायची, इथे पहिल्या आठवड्यात ३१, त्यातली दहा-बारा बहुधा भाची. गावाहून चुलत्यांचा फोन: "तुझा ता नवीन काय उघडना नाय." उघडत होतं, पण तिकडचं ॲप सोडून बाहेर जायचं असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं. ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये, असं मी त्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "मग? आमी हंय इलाव ना?"

म्हणून आता शब्द आधी साइटवर लिहितो, मग त्याच्या दोन ओळी आणि पत्ता तिकडे. भांडणं तिकडेच होतात. रविवारी सकाळी बसून मी ती वाचतो, विचारतो, हाताने इकडे आणतो. शिव्यांची नोंद पुन्हा लिहिली आहे, फक्त साइटवर. तिच्याखाली आतापर्यंत एकच प्रतिक्रिया आहे, मस्कतहून: "मेल्या, इतके दिवस खय होतंस?"