मुलाचा स्वभाव शब्दांत मांडताना

शाळेच्या प्रवेशअर्जात एक रिकामा चौकोन असतो : 'आपल्या पाल्याच्या स्वभावाबद्दल थोडक्यात लिहा.' बहुतेक पालक तिथे हुशार, खेळकर, प्रेमळ, थोडा मस्तीखोर असे चार शब्द लिहून मोकळे होतात. लिहिलेलं खोटं नसतं, पण ते वर्गातल्या कुठल्याही मुलाला लागू पडतं. असे तीस अर्ज वाचणाऱ्या बाईंच्या हाती काहीच लागत नाही.

वर्णन चांगलं आहे की नाही, याची माझी कसोटी एकच. मुलाला कधीही न भेटलेल्या माणसाने ते वाचावं आणि उद्या नव्या जागी हे मूल काय करेल, याचा त्याला बऱ्यापैकी अंदाज यावा. 'लाजाळू आहे' एवढ्यावरून तो येत नाही. 'नव्या माणसांत पहिली दहा-पंधरा मिनिटं आईला चिकटून उभा राहतो. कोणी थेट नाव विचारलं तर मान खाली घालतो. पण शेजारी बसून कोणी नुसता खेळ मांडला तर स्वतःहून जवळ येतो' एवढं लिहिलं की अंदाज येतो आणि काय करायचं तेही कळतं.

'लाजाळू' हाच शब्द जरा उलगडून पाहू, कारण त्याच्या पोटात निदान पाच वेगळे स्वभाव कोंबलेले असतात. मराठीत त्या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे. बुजरं मूल नव्या माणसाला आणि नव्या जागेला बिचकतं, सरावलं की मोकळं होतं. त्याला वेळ हवा असतो. भिडस्त मूल बिचकत नाही, सगळ्यांत मिसळतं, पण 'नाही' म्हणू शकत नाही आणि स्वतःसाठी काही मागू शकत नाही. वर्गात पेन्सिल संपली तरी ते गप्प बसतं. मुखदुर्बळ मुलाला बोलायचं असतं, उत्तरही येत असतं, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. एकलकोंड्या मुलाला एकटं खेळायला मनापासून आवडतं. त्याला जबरदस्तीने घोळक्यात ढकललं की ते थकतं. घुमं मूल तर घरीसुद्धा मनातलं सांगत नाही, राग आला तरी आत ठेवतं. पाचही मुलं वाढदिवसाच्या गर्दीत कोपऱ्यात उभी दिसतील. पण बुजऱ्याला वेळेआधी नेऊन जागा दाखवून आणणं, भिडस्ताला नकार कसा द्यायचा याचा घरी सराव देणं, मुखदुर्बळाला आधी एकाच माणसासमोर बोलू देणं, एकलकोंड्याला मधूनमधून बाजूला बसण्याची मुभा देणं, असे त्यांच्यासाठीचे उपाय निरनिराळे आहेत. शब्द चुकला की उपाय चुकतो, म्हणून शब्दांसाठी एवढा खटाटोप.

'हट्टी'चंही असंच आहे. एक मूल हवी ती गोष्ट मिळेपर्यंत सोडत नाही आणि तेच मूल कोडं सुटेपर्यंत जागचं उठतही नाही. ते चिवट आहे. दुसऱ्याला एका कामातून दुसऱ्या कामात पटकन जाता येत नाही, चालू खेळ अर्धवट टाकायला सांगितला की ते कोसळतं. दहा मिनिटं आधी सूचना दिली तर त्याचा हट्ट निम्म्यावर येतो. तिसऱ्याला सांगितलेलं काम करायला हरकत नसते, हुकूम नको असतो. 'आधी हे करणार की ते?' असं विचारलं की ते निमूटपणे करतं. तुमचं मूल यांपैकी कुठलं, हे पाहिल्याशिवाय 'हट्टी' लिहू नये.

तर पाहायचं कसं? मी दहा दिवसांची नोंदवही सुचवते. दिवसाला दोन-तीन नोंदी पुरतात, प्रत्येक नोंद दोन-तीन ओळींची. तीत वेळ, जागा, सोबत कोण होतं, आधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं किंवा म्हटलं, ते किती वेळ चाललं आणि कशाने थांबलं एवढंच लिहायचं. विशेषण एकही लिहायचं नाही. 'चिडला' याऐवजी 'ठोकळे फेकले, तीन-चार मिनिटं ओरडला, पाणी दिल्यावर शांत झाला' असं. नोंदवही फसते ती बहुधा एकाच कारणाने : पालक फक्त रडारड झाली की वही उघडतात. मग दहा दिवसांनी वहीत तापट मूल दिसतं, जे प्रत्यक्षात दिवसातले बहुतेक तास शांत असतं. त्यामुळे रोजची एक नोंद काहीच विशेष न घडलेल्या वेळेची असायला हवी. मूल आजारी असेल, झोप मोडली असेल, घर बदललं असेल किंवा घरात नवं बाळ आलं असेल तर त्या दिवसांच्या नोंदींवर खूण करायची आणि निष्कर्ष काढताना त्या बाजूला ठेवायच्या.

दहा दिवसांनी सगळं एकत्र वाचायचं. जी गोष्ट किमान तीनदा आणि किमान दोन वेगळ्या जागी दिसते तिच्याखाली रेघ. एकदाच दिसलेली कितीही ठळक वाटली तरी सध्या सोडून द्यायची.

कशाकशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवायला एक जुनी, अजूनही उपयोगी चौकट आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1956 साली न्यूयॉर्कमध्ये एक अभ्यास सुरू केला आणि 133 मुलांना तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाहिलं. पालकांच्या तपशीलवार सांगण्यातून त्यांनी स्वभावाच्या नऊ बाजू वेगळ्या काढल्या : हालचाल किती, भूक-झोप किती नियमित, नव्या गोष्टीला पहिला प्रतिसाद पुढे येण्याचा की मागे सरण्याचा, बदलाशी जुळवून घ्यायला किती वेळ, आवाज-स्पर्श-उजेड किती कमी असला तरी जाणवतो, आनंद किंवा राग किती जोरात व्यक्त होतो, मूड साधारण कसा असतो, लक्ष किती सहज विचलित होतं, आणि अडथळा आला तरी काम किती वेळ धरून ठेवतं. या नऊ प्रश्नांची उत्तरं नोंदवहीतून शोधली की वर्णनाचा कच्चा माल तयार होतो. सगळ्या नऊ बाजू लिहायची गरज नाही. ज्या तीन-चार बाबतीत मूल मधल्या पट्ट्यात न बसता एका टोकाला आहे, त्याच लिहाव्यात.

याच अभ्यासातून 'सोपं मूल', 'अवघड मूल' आणि 'हळूहळू मोकळं होणारं मूल' हे तीन गट प्रसिद्ध झाले. ते वापरताना एक आकडा लक्षात असू द्या. सुमारे 40 टक्के मुलं पहिल्या गटात, 10 टक्के दुसऱ्यात, 15 टक्के तिसऱ्यात बसली, आणि उरलेली 35 टक्के कुठल्याच गटात बसली नाहीत. तुमचं मूल कशातच बसत नसेल तर तुमच्या पाहण्यात खोट आहे असं समजू नका. चेस आणि थॉमस यांचा खरा भर तर वेगळ्याच गोष्टीवर होता : स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ. भरपूर हालचाल करणारं मूल मैदानात 'चपळ' ठरतं, तेच दोन तास रांगेत उभं केलं की 'त्रासदायक'.

मोजमापाची पट्टी आपण कुठून आणतो, हेही तपासावं लागतं. घरात सगळे बोलघेवडे असतील तर चारचौघांइतकं बोलणारं मूल 'अबोल' वाटतं. दोन भावंडं असतील तर पालक नकळत त्यांना एकमेकांच्या विरुद्ध टोकांना ढकलतात. एक 'शहाणी' ठरली की दुसरा आपोआप 'उनाड'. भावंडाच्या तुलनेत नव्हे, त्याच वयाच्या पाच-सहा मुलांच्या तुलनेत पाहा. वयाचाही हिशेब हवाच. दोन वर्षांचं मूल दिवसभर 'नाही' म्हणतं ते वयामुळे, त्यावरून स्वभाव ठरवायची घाई नको.

शब्दांना आवड-नावड चिकटलेली असते, हे तर उघडच आहे. चौकस आणि भोचक, धीट आणि आगाऊ, सावध आणि भित्रा, हळवा आणि रडका, ठाम आणि हेकट : प्रत्येक जोडीत वागणं जवळपास तेच असू शकतं, बदलते ती आपली त्या क्षणीची चीड किंवा कौतुक. यावर एक सल्ला हल्ली सर्रास दिला जातो की प्रत्येक वाईट शब्दाच्या जागी गोड शब्द टाका. मला तो पटत नाही. मूल रागाच्या भरात इतरांना ढकलत असेल आणि तुम्ही 'उत्साही, नेतृत्वगुण असलेला' असं लिहिलंत तर बाईंना पहिल्याच आठवड्यात खरं कळतं, आणि पुढे तुमच्या बाकीच्या वाक्यांवरही त्यांचा विश्वास बसत नाही. शब्द गोड नको आणि कडूही नको. वागणं आणि प्रसंग सांगणारा हवा. 'रांगेत कोणी पुढे घुसलं तर ढकलतो. मोठ्या माणसाने वेळीच नाव घेऊन हाक मारली तर थांबतो.'

'खूप', 'नेहमी', 'कधीच' हे तीन शब्द लिहून झाल्यावर शोधून खोडा. त्यांच्या जागी 'जेव्हा… तेव्हा…' अशी वाक्यरचना वापरा. वॉल्टर मिशेल आणि युइची शोदा या मानसशास्त्रज्ञांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांना दिवसेंदिवस पाहून दाखवलं, की एकूण आक्रमकता सारखीच असलेली दोन मुलंही वेगवेगळ्या प्रसंगी भडकतात : एक सोबत्याने चिडवल्यावर, दुसरं मोठ्यांनी दटावल्यावर. आणि हा 'जेव्हा-तेव्हा'चा नमुना प्रत्येक मुलाचा बऱ्यापैकी स्थिर असतो. 'आक्रमक' या एका शब्दात हा फरक पुसला जातो.

घरच्या वर्णनात आणि शाळेच्या वर्णनात तफावत निघाली की पालक हमखास दुखावतात. दुखावण्याचं कारण नाही. 119 अभ्यासांचा एकत्रित आढावा 1987 साली प्रसिद्ध झाला. 1 म्हणजे पूर्ण एकमत धरलं, तर मुलाच्या अडचणींबद्दल आई आणि वडील यांच्यातला मेळ सुमारे 0.6 होता, पालक आणि शिक्षक यांच्यातला अवघा 0.28 च्या आसपास. कोणी खोटं बोलत नसतं. मूल दोन ठिकाणी खरोखर वेगळं वागतं. म्हणून वर्णनात 'घरी' आणि 'घराबाहेर' अशी दोन वाक्यं वेगळी लिहा, आणि लिहिण्याआधी मुलाला निराळ्या जागी पाहणाऱ्या निदान एका माणसाला विचारा. 'कसा आहे?' असं विचारू नका, 'बरा आहे' असंच उत्तर येतं. 'काही जमलं नाही तर काय करतो? नवं कोणी आलं की पहिली पाच मिनिटं काय करतो?' असं विचारा.

आता परिच्छेद. साठ ते शंभर शब्द पुरेत. सुरुवात मुलाला कशात रस आहे तिथून करावी, कारण अनोळखी माणसाला मुलापर्यंत पोचण्याची वाट तिथूनच सापडते. मग दोन ठळक लकबी, मग एक अवघड प्रसंग, आणि लगेच त्याला जोडून काय केल्याने मदत होते ते. सहा वर्षांच्या एका कल्पित मुलीचं उदाहरण :

'चित्रं काढताना आणि वस्तू जोडताना ती अर्धा-पाऊण तास एका जागी बसते. मध्ये कोणी बोललेलं तिला आवडत नाही. चौकस आहे, उत्तर पटेपर्यंत "का?" विचारत राहते. घरी भरपूर बोलते, घराबाहेर पहिले काही दिवस फक्त पाहते. मोठा आवाज झाला की कान झाकते. चित्र मनासारखं झालं नाही तर कागद फाडते आणि रडते. त्या वेळी समजावलं तर रडणं वाढतं, पाच मिनिटं एकटं सोडून नवा कागद दिला तर पुन्हा सुरू करते. मदत हवी असली तरी मागत नाही, तेव्हा अधूनमधून आपणहून विचारावं.'

विशेषण एकच आलं, तेही पुराव्यासकट.

हाच मजकूर सगळीकडे चालत नाही. मुलाला चार तास सांभाळणाऱ्याला अवघड प्रसंग आणि उपाय एवढंच द्या. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाताना विशेषणं पूर्ण काढा. काय होतं, आठवड्यातून किती वेळा, किती वेळ टिकतं आणि केव्हापासून, हे चार तपशील न्या. आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या : मोकळं मूल काही आठवड्यांत अचानक गप्प झालं, येत असलेलं बोलणं किंवा कौशल्य मागे पडलं, तर त्याला साजेसा शब्द शोधत बसू नका, डॉक्टरांना गाठा.

मूल लहान असताना लेखी वर्णनातले शब्द त्याच्या कानावर घालायचे नसतात. पाहुण्यांसमोर 'आमचा जरा बुजराच आहे' म्हटलं की मुलाला न बोलण्याचं कारण आयतं मिळतं. त्याऐवजी 'त्याला थोडा वेळ लागतो, मग बोलतो' म्हणा. कौतुकाच्या शिक्क्यालाही हेच लागू आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 सालच्या प्रयोगांत 'तू हुशार आहेस' असं ऐकलेली पाचवीतली मुलं, 'तू मेहनत घेतलीस' असं ऐकलेल्या मुलांपेक्षा, अपयश आल्यावर लवकर खचली आणि पुढची कामगिरीही घसरली.

वर्णनावर तारीख टाका आणि सहा महिन्यांनी ते पुन्हा वाचा. बालपणी स्वभाव तसा कच्चाच असतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या, 152 अभ्यासांवर आधारलेल्या पाहणीत स्वभावाच्या स्थिरतेचा आकडा (1 म्हणजे पूर्ण स्थिर) बालपणी 0.31 होता, तिशीत 0.64. म्हणजे चौथ्या वर्षी लिहिलेला शब्द नवव्या वर्षी वापरणं धोक्याचं. जुना कागद फेकू नका, पण नवा लिहिताना तो समोर ठेवू नका. आधी नव्या नोंदी काढा, मग ताडून पाहा.

साधारण आठव्या वर्षापासून मुलं स्वतःबद्दल 'मी अशी आहे' असं सांगू लागतात. त्याआधी ती स्वतःला काय आवडतं आणि काय येतं तेवढंच सांगतात. त्या वयापासून कागद मुलालाच वाचून दाखवा. ते एखादं वाक्य खोडायला सांगेल तेव्हा 'मग त्या वेळी काय होतं?' एवढं विचारा आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत त्या जागी लिहा.