यादीतून गळलेला उद्रेक

न्यूझीलंडमधलं ऑकलंड पन्नासहून अधिक ज्वालामुखींवर वसलंय. त्यातले बहुतेक एकदाच उसळले आणि कायमचे थंडावले. पुढचा उद्रेक नव्या जागी. त्यामुळे कोण कधी उसळलं याचा माग टेकड्यांपेक्षा जुन्या विवरांत साचलेल्या गाळात चांगला लागतो. ओराकेई, पुपुके, ओनेपोटो ही अशीच विवरं. त्यांतून काढलेल्या गाळाच्या कोअरवर, म्हणजे नळीने उभ्या काढलेल्या लांब नमुन्यांवर, मी काम करते.

या गाळात काळी राख असते ती ऑकलंडच्या बेसॉल्टची. पांढुरकी, पिठासारखी राख येते दूरच्या मोठ्या ज्वालामुखींकडून. टाउपोच्या ओरुआनुई उद्रेकाची राख सुमारे 25,500 वर्षांपूर्वीची, हे पक्कं ठाऊक आहे. मग काळा थर तिच्या वर आहे की खाली, यावरून त्याचा काळ लावता येतो.

त्या दिवशीच्या कोअरमध्ये ओरुआनुईच्या खाली एक काळा थर होता आणि वर दुसरा. म्हणजे उद्रेक दोन, असंच कुणीही म्हटलं असतं. वरच्या थरातली चिमूटभर राख धुऊन, चाळून सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. काळ्या कणांमध्ये एक नितळ, वक्र काच चमकली: शिलारसातल्या फुटलेल्या बुडबुड्याची भिंत. सुईने ती बाजूला सारली, तर मागे आणखी तशाच. आमच्या बेसॉल्टमधून अशी काच निघत नाही! काळ्या कणांच्या कडाही झिजलेल्या होत्या.

कण रेझिनमध्ये बसवले, घासून गुळगुळीत केले, कार्बनचा लेप दिला आणि मायक्रोप्रोबवर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने कणातले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, लावले. इथे घाई चालत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत फार एकवटला तर काचेतलं सोडियम जागचं हलतं आणि आकडे चुकीचे येतात. झोत पसरटच ठेवावा लागतो. नितळ कणांत सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर, बाकी घटकही ओरुआनुईशी जुळणारे. काळ्या कणांत ती पन्नासच्या खाली, आणि टायटॅनियम, कॅल्शियम, पोटॅशियम खालच्या काळ्या थरासारखंच.

वरचा थर आकाशातून पडलाच नव्हता. विवराच्या उतारावर काळी राख आणि तिच्यावर पांढरी साचली होती. पुढे कधीतरी तो उतार घसरला आणि दोन्ही मिसळून तळाशी आल्या. उद्रेक एकच.

मला तर नवा उद्रेक सापडण्याइतकंच हे मोलाचं वाटतं. पंधरा लाखांवर वस्तीच्या शहरातल्या धोक्याचा अंदाज दोन उद्रेकांमधल्या काळावर बांधतात, आणि तो काळ मुळातच बेभरवशाचा. कधी हजारो वर्षं शांतता, तर 30,000 वर्षांपूर्वीच्या सुमारास एकामागून एक बरेच उद्रेक. सर्वांत ताजा रांगितोतो, जेमतेम 600 वर्षांपूर्वीचा. त्याच्या राखेत शेजारच्या मोटुटापू बेटावर माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे आहेत.

(पुणे जिल्ह्यातल्या बोरी गावी कुकडीकाठी सापडलेली राख सुमात्रातल्या टोबाची, हेही काचेच्या रसायनावरूनच ठरलं. टोबाच्या नेमक्या कुठल्या उद्रेकाची, यावर मात्र बराच वाद झाला.)

वरच्या थरापुढे ‘उतारावरून घसरलेला’ अशी नोंद केली. आता इतर विवरांच्या कोअरमधले, पांढऱ्या राखेच्या लगेच वर असलेले काळे थर याच नजरेने तपासायला घेतलेत.