मागितल्यानं पिक्चर येतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते, कारण प्रत्येकाला आमच्या सेवा केंद्राच्या काउंटरवर उभ्याउभ्या सांगून माझा घसा बसला आणि तरी पुढच्या बाजाराच्या दिवशी कोणीतरी येऊन तेच विचारते, "ताई, नेटफ्लिक्सले पिक्चर मागतला तं खरंच येते का वो? अन् येत नसन तं तू लोकायचे फॉर्म काहून भरून देते?" पहिला प्रश्न साधा आहे. दुसरा साधा नाही, त्यात आरोप आहे, आणि गेल्या धानाच्या हंगामापासून तो जास्तच ऐकू येऊन राहिला.

आधी पहिलं. मागता येते. नेटफ्लिक्सच्या मदत केंद्रात, जिथं पासवर्ड विसरल्याचं वगैरे असते तिथंच, पिक्चर किंवा मालिका सुचवायची लिंक आहे. उघडली की तीन रिकामे रकाने, त्यात नावं टाकायची, पाठवायचं, धन्यवाद येते, संपलं. प्राइमवर असं वेगळं पान मला तरी सापडलं नाही, तिथं कस्टमर सर्व्हिसच्या चॅटवर सांगावं लागते. मागायच्या आधी जस्टवॉचवर नाव टाकून पाहत जा, भारतात तो पिक्चर कोणत्या ॲपवर आहे ते तिथं दिसते, अर्ध्या लोकांचं काम तिथंच होते, पिक्चर दुसऱ्याच ॲपवर असतो आणि हे नेटफ्लिक्सला मागत बसतात. आणि स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं करून पाहा. व ला व्ही का डब्ल्यू एवढ्यानंच मराठी पिक्चर सापडत नाही. साल माहीत असलं तर साल सांगा.

या फॉर्मचा मी एक रुपया घेत नाही, हेही एकदा सांगून ठेवते. सातबारा, पीक विमा, केवायसी, धान नोंदणी यांचे दर भिंतीवर लावले आहेत. पिक्चरचा दर नाही.

आता खरी अडचण. आमच्या केंद्रावर येणाऱ्या माणसाला अर्ज म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे. अर्ज केला की पावती, पावतीवर नंबर, नंबर टाकला की स्टेटस. निराधारचा असो का घरकुलाचा, मंजूर, नामंजूर, त्रुटी, काहीतरी दिसते. या फॉर्मला नंबरच नाही. पाठवला आणि गेला. म्हणून लोकांना वाटते मी नंबर लपवून राहिली, किंवा मला भरताच आला नाही. आणि लोकांना भोळे म्हणू नका, आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मागितलं की येते हीच रीत आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्याच्या आधी मंडळाची माणसं वडसाला जातात, नाटक कंपन्यांच्या ऑफिसात बसतात, कोणतं नाटक, कोणती तारीख, किती पैसे, हे ठरवून बुकिंग करून येतात आणि त्या रात्री ते नाटक गावात लागते. अर्जुनी मोरगावच्या माणसाला कलाकृती मागायची सवय आहे. त्याला हे कसं पटावं की महिन्याला १४९ रुपये भरून मोबाइलवर नेटफ्लिक्स घेतलं, पण काय पाहिजे ते सांगितलं तर कोणी हो नाही, नाही नाही, असं काहीच म्हणत नाही?

मला तर याचा जास्त राग येतो की तक्रारीचं तसं नाही. २०२१ च्या आयटी नियमांनी या सगळ्या ॲपवाल्यांना तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो, एखाद्या पिक्चरवर तुमची हरकत असली तर २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर. म्हणजे हा पिक्चर काढा म्हणणाऱ्याला उत्तर आहे, हा पिक्चर दाखवा म्हणणाऱ्याला नाही. काढायला सांगणारा माणूस नियमात आहे, पाहू म्हणणारा कुठंच नाही. हे मला बरोबर वाटत नाही, कोणी कितीही समजावलं तरी.

समजावतात काय, की एकट्या मागणीवर ठरत नाही, हक्क लागतात. ते खरं आहे आणि मीही लोकांना तेच सांगते. ॲपवाला पिक्चर विकत घेत नाही, काही वर्षांसाठी दाखवायचा हक्क घेतो, मुदत संपली की पिक्चर जातो, म्हणून मागच्या महिन्यात पाहिलेला या महिन्यात दिसत नाही. आणि जुन्या मराठी पिक्चरचे हक्क म्हणजे आजोबाच्या नावावर राहिलेला सातबारा, फेरफार कोणी केला नाही, वारस सात गावांत, एक जण सही देत नाही. जुन्या करारात टॉकीजचं लिहिलेलं, इंटरनेटचं कोण लिहिणार होतं तेव्हा. समजलं? तरी मी म्हणते मागा. न मागणारा त्यांच्या हिशेबात येतच नाही. हे मी आबाजीच्या आधीही म्हणायची. आबाजीच्या नंतर तेवढ्या जोरात म्हणता येत नाही.

आबाजीचं सांगितल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, म्हणून सांगते. नाव सांगत नाही, आमच्याकडच्यांना समजेलच. १९७८ च्या सुमाराला इकडे तलावाच्या पाळीवर एका मराठी पिक्चरचं शूटिंग झालं होतं. आबाजी तेव्हा तरणे होते, त्यांची बैलजोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळायची, एक ढवळा एक काबरा, पिक्चरवाल्यानं जोडी पाहिली आणि म्हणाला बंडी घेऊन पाळीवरून जा. यांनी नेली. दिवसभर तेच, जा आणि परत ये. पिक्चर नंतर गोंदियाला टॉकीजमध्ये लागला तेव्हा धान कापणी सुरू होती, कापणी सोडून कोण जाते पिक्चरला, आणि मजुरी संपेपर्यंत पिक्चर उतरला. त्यांनी तो कधीच पाहिला नाही.

एवढी वर्षं त्यांना काही वाटलं नाही. पण २०१४ च्या कोर्टाच्या निकालानं बंद झालेले शंकरपट नंतर पुन्हा सुरू झाले आणि त्यांचा नातू पटाच्या मागं लागला, मोबाइलवर दिवसरात्र पटाचे व्हिडिओ, आणि आबाजी म्हणाले माह्याही जोडीचा व्हिडिओ आहे. नातू म्हणाला दाखवा. म्हणून ते माझ्याकडे आले. "मी नाही दिसलो तं चालते पोरी, बैलं दिसले पाहिजे." जोडीचा एक फोटो नाही घरात. तेव्हा माणसाचेच फोटो नव्हते.

मी फॉर्म भरला. रकान्यात नाव टाकलं, दुसऱ्या स्पेलिंगनं पुन्हा टाकलं. आबाजी खुर्चीवर बसून पाहत होते, पाठवल्यावर म्हणाले नंबर लिहून दे. मी म्हटलं याला नंबर नसते. तर म्हणाले, मंग मी पुढच्या बाजाराले येतो. आणि आले. दर बाजाराला येत गेले, पेन्शनवाले येतात तसेच, पिशवी पायाशी ठेवून, "माह्या अर्जाचं का झालं वो?" आणि मला दर वेळी तेच सांगायला लाज वाटायला लागली, म्हणून मी शोधायला बसली. कोणी सांगितलं नव्हतं मला. अमरावती म्हणजे सी. पी. बेरार सर्किटच्या, जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या टॉकीजना पिक्चर पुरवणाऱ्या वितरकांचं जुनं ठिकाण, तिथं माझ्या माहेरच्या ओळखीनं एका म्हाताऱ्या माणसाचा पत्ता लागला ज्यांनी रिळांचे डबे वाहिलेले, त्यांनी निर्मात्याचं नाव आठवून दिलं, आणि तिथून फिरत फिरत निर्मात्याच्या सुनेचा फोन मिळाला.

ती बाई चांगली बोलली. आधी तिला वाटलं मी पैसे मागून राहिली. मग तिनं सांगितलं, सासरे गेल्यावर लॅबचं पत्र आलं होतं, थकलेलं भाडं भरा आणि निगेटिव्हचे डबे घेऊन जा, आम्ही तेव्हा घर बदलत होतो. मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग काही नाही, लॅब बंद झाली. डिजिटल आलं तसं मुंबईतल्या फिल्म धुणाऱ्या लॅब बंद पडत गेल्या हे मला माहीत होतं, पण कोणाच्या तोंडून ऐकणं वेगळं. प्रिंट? एक होती, ती रद्दीभंगारात गेली असेल म्हणाली. आणि मग तीच मला म्हणाली, तुम्हाला कुठं मिळाला तर आम्हालाही सांगा, आमच्या मुलांनी आजोबांचा पिक्चर पाहिलेला नाही.

हिशेब पाहा. कायद्यानं पिक्चरचा हक्क तो लागला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे या पिक्चरचा हक्क २०३८ च्या सुमारापर्यंत शाबूत आहे, वारसांच्या नावावर. पिक्चर मात्र नाही. ज्या वस्तूसाठी मी नेटफ्लिक्सला अर्ज केला ती वस्तू बहुतेक जगातच नव्हती. लोक म्हणतात सगळं नेटवर असते. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', १४ मार्च १९३१ चा, त्याची एक प्रत आज कुठं नाही, तिथं आमच्या तलावाच्या पाळीचं कोण विचारते.

आबाजींना सांगायचं कसं हे मी ठरवत होती आणि ते नेमके नोंदणीच्या गर्दीत आले. लाइन दारापर्यंत, सर्व्हर डाऊन, आणि त्यांनी मोठ्यानं विचारलं. मी म्हटलं आबाजी थांबा थोडं, गर्दी जाऊ द्या. ते म्हणाले सांग ना, इथं कोण परका आहे. मी सांगितलं. निगेटिव्ह गेली, प्रिंट भंगारात गेली, निर्मात्याच्या घरच्यांकडेही नाही, आता अर्ज करून उपयोग नाही. लाइनीतलं कोणीतरी हसलं, आबाजी आता पोट्ट्याच्या मोबाइलातलेच बैल पाहा म्हणालं. आबाजींनी तिकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "रीळ जळली का विकली?"

मी म्हटलं भंगारात विकली असेल.

"विकली असन तं कुठीतरी असन. अर्ज राहू दे."

भंगारातल्या रिळाचं काय होते ते मी वाचलेलं आहे, तोडून प्लास्टिकच्या भावानं जाते, जुन्या काळ्या-पांढऱ्या रिळांतून तर चांदी काढून घ्यायचे. ते मी बोलली नाही. लाइन होती, सर्व्हर आला होता, आणि खरं सांगायचं तर लाइन नसती तरी बोलली नसती.

ते अजून येतात. म्हणूनच त्यांचा मुलगा माझ्यावर तणतणला, माह्या बापाले नादी लावलं, एकदाचं नाही म्हणून टाक ना. मी सगळ्यांसमोर नाही म्हटलं होतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही वाटते. आणि तेव्हापासून गावात सुरू झालं की ही खोटी आशा विकते. विकत नाही, दर नाही म्हणून आधीच लिहिलं.

पण थोडं माझ्याशीच भांडते. आधीची मी फार ठाम होती. टेलिग्रामवरून पिक्चर उतरवणाऱ्या पोरांना इथून हाकललं आहे मी, २०२३ च्या कायद्यानं पायरसीला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे असं छापून लावलं होतं, म्हणायची रीतसर मागा. आज कोणी आबाजीच्या पिक्चरची व्हीसीआरवर चोरून भरलेली कॅसेट आणून दिली तर मी काय करेन? घेईन. दोन्ही हातांनी घेईन. म्हणून आधीची चूक होती का? नाही, निर्मात्याला पैसे मिळाले असते तर त्यानं लॅबचं भाडं भरलं असतं, हेही तेवढंच खरं आहे. दोन्ही खरं असताना काउंटरवर बसून काय सांगायचं ते मला समजलेलं नाही.

आता काही जण म्हणतात सरकारी रस्ता पाहा. पाहिला आहे. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप २० नोव्हेंबर २०२४ ला आलं, दूरदर्शनच्या जुन्या मालिका त्यावर आहेत. ते सरकारी असल्यानं तिथली तक्रार सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रारीच्या पोर्टलवर, टाकता येते, नोंदणी क्रमांक मिळतो, दहा रुपयांत माहितीचा अधिकार लावता येतो. ज्यांना दूरदर्शनची जुनी मालिका पाहिजे त्यांनी या, तो अर्ज मी आनंदानं भरून देईन, नंबरासकट. तसंच पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं, त्यांनाही नाव, साल, निर्माता लिहून विचारता येते की प्रत तुमच्याकडे आहे का. आबाजीसाठी संग्रहालयाला विचारणा आणि माहितीचा अधिकार, हे दोन्ही अर्ज मी टाइप करून ठेवले आहेत. पाठवले नाहीत.

कारण तिथून उत्तर येते. माहितीच्या अधिकारात तर तीस दिवसांत, कागदावर, सहीशिक्क्यानं. आहे म्हणून आलं तर मी स्वतः त्यांना आणि नातवाला गाडीत बसवून पुण्याला नेईन. आणि उपलब्ध नाही म्हणून आलं तर? इतकी वर्षं मी ज्या फॉर्मला शिव्या घातल्या, की हा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, त्याच फॉर्मवर हा माणूस दर बाजाराला चालत येते. शिक्क्याचा कागद त्यांना वाचता येतो, सातवी शिकलेले आहेत.

माझी सासू म्हणते, तू कोण ठरवणारी, त्यांनाच विचार पाठवू का. नवरा म्हणते पाठव, उत्तर आलं तर आलं. पोस्टाची डाक बुधवारी निघते, अर्ज ड्रॉवरमध्ये आहेत, दहाची पोस्टल ऑर्डरसुद्धा लावून ठेवली आहे. सासूचं मला पटते. पण आबाजींना विचारलं की ते हो म्हणतील, ते अर्जाला कधीच नाही म्हणत नाहीत, मग ठरवलं कोणी?