कॉलेज बास्केटबॉल: ब्लॉक की चार्ज, आणि बाकीचे नवे नियम

अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या सामन्यांत, गेल्या दहाएक वर्षांतला सर्वांत मोठा नियमबदल कोणता? बरेच जण 2015-16 चं शॉट क्लॉक (शॉट घेण्यासाठी संघाला मिळणारा वेळ मोजणारं घड्याळ) सांगतील, तेव्हा ते 35 वरून 30 सेकंदांवर आलं. माझं मत मात्र 2023-24 च्या ब्लॉक-चार्जच्या बदलाला आहे.

बास्केटकडे झेपावणारा खेळाडू आधीच जागा घेऊन उभ्या असलेल्या बचावपटूवर आदळला, तर तो चार्ज: फाऊल आक्रमकाचा आणि चेंडू समोरच्या संघाला. बचावपटू उशिरा आडवा आला तर ब्लॉक, म्हणजे फाऊल त्याचा. प्रश्न एवढाच, की ‘उशिरा’ कधीपासून धरायचं? जुन्या नियमात आक्रमकाचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत मुभा होती. त्यामुळे मदतीला येणारा दुसरा बचावपटू अगदी शेवटच्या क्षणी सरकत खाली घुसायचा, छाती पुढे करायचा आणि पडायचा. हवेतला खेळाडू थेट त्याच्यावर कोसळायचा. बचाव म्हणून मला हे कधीच पटलं नाही, कारण यात चेंडू अडवण्याचा प्रयत्नच नसतो आणि इजा मात्र दोघांनाही होऊ शकते.

आता उडी मारण्यासाठी आक्रमक शेवटचं पाऊल रोवतो, त्या क्षणी बचावपटू जागेवर हवा. फरक सेकंदाच्या छोट्या भागाचा आहे, पण शंका असलेले बरेचसे प्रसंग त्याच भागात येतात. पंचाचं कामही सोपं झालं. पाय जमिनीवरून नेमका कधी सुटला हे डोळ्यांना टिपता येत नाही, पाऊल रोवलेलं दिसतं. पाहण्याचा क्रम मात्र पाळावा लागतो: नजर आधी बचावपटूवर, मग आक्रमकाच्या पावलावर. चेंडूकडे पाहत बसलेला पंच इथे हमखास चुकतो.

प्रेक्षकांचा एक गैरसमज असा, की चार्ज मिळायला बचावपटू पुतळ्यासारखा उभा हवा. तसं नाही. दोन्ही पाय जमिनीवर आणि तोंड समोर, अशी जागा त्याने आधी घेतली असेल, तर नंतर तो मागे सरकत असला तरी चार्ज मिळू शकतो. शिवाय रिंगखाली जमिनीवर चार फुटांची कमान आखलेली आहे. मदतीला आलेल्या दुसऱ्या बचावपटूच्या पायाचा कोणताही भाग कमानीच्या आत किंवा वर असेल, तर त्याला तिथे चार्ज मिळत नाही. सुरुवातीपासून समोर असलेल्या मुख्य बचावपटूला ही अट नाही.

2025-26 पासून आक्रमकाला आणखी एक आधार मिळाला. बास्केटकडे जाताना ड्रिबल (चेंडूचे टप्पे मारत जाणं) संपवताना धक्का लागला, तर तो पिव्होट करून (एक पाय रोवून वळून) किंवा चालू पाऊल पुरं करून शॉट घेऊ शकतो आणि बास्केट झाली तर ती धरली जाते. आधी त्यासाठी शॉटची वरची हालचाल सुरू झालेली असावी लागे.

त्याच हंगामात पुरुषांच्या सामन्यांत कोचचं चॅलेंजही आलं. ते तीनच गोष्टींवर घेता येतं: चेंडू कोणाकडून बाहेर गेला, गोलटेंडिंग (बास्केटकडे खाली येणारा चेंडू अडवणं) वा बास्केट इंटरफिअरन्स (रिंगवरच्या चेंडूला हात लावणं), आणि दुसरा बचावपटू कमानीत होता का. त्यासाठी टाइमआउट शिल्लक हवा. पहिलं चॅलेंज बरोबर ठरलं तर आणखी एक मिळतं, चुकलं तर उरलेल्या सामन्यात एकही नाही. चेंडू बाहेर गेल्याचा निर्णय आता पंच आपणहून स्क्रीनवर तपासत नाहीत, शेवटच्या दोन मिनिटांतसुद्धा नाही. कोचने मागितलं तरच. म्हणून पहिल्या हाफमध्ये एखाद्या थ्रो-इनसाठी (बाहेरून चेंडू आत टाकण्याच्या हक्कासाठी) चॅलेंज उधळणं मला शुद्ध नुकसानीचं वाटतं.

शॉट क्लॉकमध्ये 2019-20 पासून एक भर आहे. शॉट रिंगला लागून चेंडू पुन्हा आक्रमक संघाच्याच हाती आला, तर घड्याळ 30 वर न जाता 20 वर जातं. चेंडू आधीच पुढच्या अर्ध्यात असतो, तो मागून आणायचा वेळ लागत नाही, हे त्यामागचं कारण. टेबलावरच्या ऑपरेटरची नेहमीची चूक एअर बॉलची. चेंडू रिंगला लागलाच नाही तर घड्याळ चालूच राहायला हवं. 1982 च्या एसीसी (कॉलेजांचा एक गट) स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने व्हर्जिनियाला 47-45 ने हरवलं, तेव्हा घड्याळच नव्हतं आणि चेंडू नुसता फिरवत ठेवणं नियमात बसत होतं. पुरुषांना 45 सेकंदांचं घड्याळ मिळालं ते 1985-86 मध्ये.

तीन गुणांची रेषाही 2019-20 मध्येच 20 फूट 9 इंचांवरून फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) 22 फूट पावणेदोन इंचांवर, म्हणजे 6.75 मीटरवर गेली. कोपऱ्यात ती साइडलाइनपासून जेमतेम 40 इंच उरते, त्यामुळे मोठ्या पावलांचे खेळाडू तिथे टाच बाहेर टेकवून चेंडू घालवतात.

आता जे बदललेलं नाही, ते. आपल्याकडे फिबाचे नियम चालतात, म्हणजे दहा मिनिटांचे चार क्वार्टर. एनसीएएच्या महिलांनी 2015-16 मध्ये तेच स्वीकारलं आणि क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाऊलपासून दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता घ्यायचे एकेका गुणाचे शॉट) ठेवले. पुरुष अजून वीस मिनिटांचे दोन हाफ खेळतात. हाफमधल्या सातव्या फाऊलपासून ‘वन अँड वन’, म्हणजे पहिला फ्री थ्रो बास्केटमध्ये गेला तरच दुसरा, आणि दहाव्यापासून सरळ दोन.

हिशेब करून पाहा. 60 टक्के फ्री थ्रो घालणाऱ्या खेळाडूला वन अँड वनमध्ये सरासरी 0.60 अधिक 0.36, म्हणजे 0.96 गुण मिळतात. सरळ दोनमध्ये 1.20. म्हणून मागे पडलेला संघ कमजोर नेमबाज शोधून मुद्दाम फाऊल करतो, आणि सात फाऊल लवकर भरले तर हाफची उरलेली सगळी मिनिटं फ्री थ्रोच्या रांगेत जातात. क्वार्टरमध्ये मोजणी दर दहा मिनिटांनी शून्यावर येते. पुरुषांनीही क्वार्टर घ्यावेत, असं मला ठामपणे वाटतं. 2025 मध्ये नियम समितीने त्या दिशेने अनुकूलता दाखवली, पण प्रत्येक हाफमधले जाहिरातींचे टाइमआउट 16, 12, 8 आणि 4 मिनिटं उरल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा घेतले जातात, आणि क्वार्टर आणायचे तर ही सगळी मांडणी आधी नव्याने बसवावी लागेल.