दादर म्हणजे जिना

आमच्या राजापूरच्या घरात माडीवर जायला अरुंद लाकडी जिना होता, त्याला घरात सगळे दादर म्हणायचे. धरायला वरून सोडलेला जाड दोर, मधली एक पायरी कायम करकरणारी, आणि आम्ही धडाधड उतरायला लागलो की आत्या खालून ओरडायची, "दादर सांभाळ रे!" मुंबईच्या दादरचं नावही ह्याच शब्दावरून आलंय असं सांगतात. जुन्या मराठीत दादर म्हणजे जिना, आणि फळ्यांचा पूलपण. मला हे पटतं, कारण दादर स्टेशनात वेस्टर्न लाईनवरून सेंट्रल लाईनला जायचं तर आधी जिना चढायचा, मग पुलावरून चालायचं आणि परत जिना उतरायचा, म्हणजे शब्दाचे दोन्ही अर्थ रोज लाखो लोक पायाखाली घालतात.

आत्या तुतारी एक्सप्रेसने यायची, गाडी सकाळी लवकर दादरला लागते. एकदा फोनवर ठरलं, एक नंबर प्लॅटफॉर्मवर भेटू. मी बोरिवलीहून येऊन वेस्टर्नच्या एक नंबरवर उभा, बाहेर फुलबाजार पेटलेला, झेंडूच्या ओल्या गोण्या डोक्यावर घेऊन माणसं "चलो चलो" करत जातायत, आणि आत्या काही दिसेना. पाऊण तासाने कळलं की ती सेंट्रलच्या एक नंबरवर बसलीये, फणसाची पिशवी मांडीवर घेऊन. तेव्हा दोन्ही लाईनींचे नंबर वेगवेगळे एकपासून सुरू व्हायचे ना! डिसेंबर 2023 मध्ये ते बदललं, वेस्टर्नचे 1 ते 7 तसेच राहिले आणि सेंट्रलचे पुढे 8 ते 14 झाले. फार चांगलं झालं, गावाहून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तर खूपच.

दादरचं नाव बदलून चैत्यभूमी करावं अशी मागणी बरीच वर्षं आहे, आणि 6 डिसेंबरला तिथे लोटणारा जनसागर मी पाहिलाय, त्यामुळे त्यामागची भावना मला कळते. पण नाव काहीही होवो, हा शब्द आपल्या बोलण्यातून जाऊ नये असं फार वाटतं. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना दादर म्हणजे फक्त स्टेशन माहितीये, गावचं घरही आता पाडलं, तिथे सिमेंटचा जिना आलाय.

आत्याचे गुडघे गेलेत. मागच्या गणपतीत मी तिचा हात धरून त्या नव्या जिन्यावरून उतरवत होतो, तर शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाली, "दादर संपला काय रे?"